मधुकरदादा बिडी सोडल्यामुळं गेले नाहीत

वहिनी, नीलिमा, आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो, जय भीम, रामराम.

मला बोलायला उभं केलंय. आम्ही वेरूळचे गाइड. रोज परक्या माणसांपुढं तासन्‌तास बोलतो. आज आपल्या माणसाबद्दल बोलायचंय.

मधुकरदादांनी आणि मी सव्वीस वर्षं लेण्यांत बरोबर काम केलं. त्यांची बिडी सगळ्यांना ठाऊक होती. मग त्यांना दम लागायला लागला. तर आम्ही काय केलं? तीन मजली लेण्यापाशी दादा खाली बसायचे, आणि त्यांच्या पाहुण्यांना आमच्यातलं कुणीतरी वर न्यायचं. वर्षानुवर्षं. दम का लागतो, कुणी विचारलं? कुणीच नाय. आम्हाला वाटायचं, आपण माया करतोय. मंडळी, आम्ही त्यांचं दुखणं झाकत होतो.

शेवटी नीलिमानं, त्यांच्या लेकीनं, शोधून काढलं की शहरात सरकारी दवाखान्यात बिडी-तंबाखू सोडवायला मदत करतात. दादा म्हणाले, "दत्ता, या वयात बिडी सोडायला दवाखान्यात? लोक हसतील रे." वहिनींना सांगितलं, शहागंजच्या बाजारात चप्पल आणायला चाललो. आणि माझ्या गाडीवर बसले.

त्यांना वाटलं होतं, तिथं बोलणी खावी लागतील. तिथल्या बाईंनी नुसतं विचारलं, दिवसातली पहिली बिडी कधी ओढता? कुणाबरोबर ओढता? दादा बाहेर येऊन म्हणाले, "लई मायेनं इचारलं रे. चाळीस वर्षांत असं कुणी इचारलंच नव्हतं." चघळायचं औषध मिळालं. दोनदा दादा घसरले, पुन्हा ओढायला लागले. दोन्हीदा बाई म्हणाल्या, असं होतं, परत या. दादा परत गेले. तिसऱ्यांदा सुटली.

दर वेळी चप्पल आणायला जायचे आणि रिकाम्या हातानं यायचे! वहिनींना पहिल्याच फेरीत कळलं होतं. पण त्या माउलीनं तोंडातून शब्द काढला नाही.

आता मघाशी बाहेर चहा घेताना मी एक बोलणं ऐकलं. "अंगाला सवय होती, एकदम सोडली, म्हणून गेला." वहिनींच्या कानावर हे दुसऱ्या कुणाकडून जायच्या आधी मीच सांगतो. नाय! दादा बिडी सोडल्यामुळं गेले नाहीत. चाळीस वर्षांच्या बिडीनं छाती आधीच पोखरली होती. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. सोडल्यावर जे दिवस मिळाले, ते जरा मोकळ्या श्वासाचे मिळाले. गेल्या हिवाळ्यात फुलंब्रीच्या शाळेची पोरं आली. दादा म्हणाले, "आज मीच नेतो वर." थांबत थांबत चढले, पण चढले. मी खाली उभा होतो. वरून त्यांचा आवाज येत होता, आणि मला रडू आलं.

आता माझंही सांगतो. दादा आत असायचे, तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर बिडी ओढत बसायचो. व्हय, दर फेरीला. एकदा दादा म्हणाले, "दत्ता, बाई म्हणतात, बाहेर बसतो त्यालाही आत पाठवा." मी हसण्यावारी नेलं. मला भीती वाटत होती. आजही वाटते.

सोमवारी मी दवाखान्यात जाणार आहे. चहापाशी ते बोलणारा माझा दोस्त इथंच बसलाय. नाव घेत नाही. भाऊ, तुझ्यावर राग नाही. पण तुझ्यामुळं अजून कुणी जायचं थांबायला नको. सकाळी नऊला तुझ्या दारात येतो. तू माझ्यासंगं चल.

दादा, आम्हाला उशीर झाला. माफ करा. शेवटचा जय भीम.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत. आणि एक विनंती. या दोन मिनिटांत कुणाला खोकला आला, तर दाबू नका. येऊ द्या. शेजारच्याला ऐकू द्या.