डालग्याखालचा डबा

—चप्पल बाहेर काढ आणि मग सांग, कुणी पाठवलं तुला. कंपनीने? कंपनी म्हणजे कोण, तिला काही नाव-गाव असतं की नाही— हां, शर्टावर लिहिलंय म्हणतोस. लिहिलं असेल बाबा, मला कुठे वाचता येतंय. आणि शर्टाचं काय, उल्हासनगरला कॅम्पात गेलास तर पाहिजे त्या नावाचा शर्ट शिवून देतात, वर बटणं फुकट. तसं नाही, तुझ्यावर संशय नाही माझा, पण विचारलेलं बरं. गाव कुठलं तुझं? टिटवाळा. बरं. टिटवाळ्याचा म्हणजे इथला नाही. हे चांगलं झालं. बस— नको नको, त्या खुर्चीवर नको, ती राजूची, माझ्या मुलाची. तो कामावर गेलाय, पण त्याच्या खुर्चीत कुणी बसून गेलं की त्याला कळतं, कसं कळतं ते देव जाणे. चटईवर बस असा, माझ्यासमोर. उजेडात.

आता एक विचारतो, राग मानायचा नाही. चंदरला ओळखतोस का तू? अरे चंदर, केबलवाला— अख्ख्या शिरगावात टीव्हीच्या तारा ज्याच्या, हल्ली बिल्डरच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून फिरतो, तो. नाही? नीट आठव. मान हलवलीस म्हणजे नाहीच ना? मग झालं. गोदूने मला बजावून ठेवलंय— गोदू माझी मुलगी, वापीला दिलीय— की बाबा, काही बिघडलं तर तक्रार मुंबईच्या नंबरावर करायची, चंदरला हाक मारायची नाही. म्हणून सूनबाईने— म्हणजे शेजारणीने लावला फोन. शेजारणीने. सूनबाईला यातलं काही ठाऊक नाही.

कुठे आहे म्हणून काय विचारतोस, तुझ्या समोरच आहे की. त्या डालग्याखाली. हसायला काय झालं? डालगं पाहिलं नाहीस कधी, टिटवाळ्यात कोंबड्या नाहीत का? हे कौसाचं डालगं, माझ्या घरवालीचं. ती होती तोवर संध्याकाळ झाली की सगळ्या कोंबड्या याच्याखाली डालायची. आता ती नाही, कोंबड्याही नाहीत, डालगं तेवढं राहिलं. मग मी हा इंटरनेटचा डबा डालतो. थांब, तू हात लावू नकोस, मी उचलतो. याची कड मोडकी आहे, तुला जमायचं नाही. वर गोधडी पण आहे, ती आधी काढू दे.

हे बघ. मेला ना? परवापर्यंत याचे दिवे असे लुकलुकत होते, आता एकसुद्धा नाही. काय? गरम होऊन? डालग्यामुळे? अरे पण कोंबडी डालग्याखाली उबेत राहते म्हणून तर जगते— बरं, बरं, डब्याचं वेगळं असेल. वारा लागतो म्हणतोस त्याला. मला कुणी सांगितलं नाही. चंदरचा माणूस बसवायला आला तेव्हा एवढंच म्हणाला, आजोबा, हात लावू नका, ही तार काचेची आहे, वाकली की मोडली. काचेची तार! आणि आतून उजेड पळतो म्हणे. मी डोळा लावून बघितलं तर तो माझ्यावर खेकसला. डोळा लावू नका म्हणतो. का रे बाबा, माझ्या घरात येणारा उजेड मला का बघायचा नाही? तिथूनच माझ्या मनात पाल चुकचुकली.

का झाकला ते सांगतो ना. चहा घेशील? घे, ठेवलाय मघाच. सांगतो. सुरुवातीला मी साधा होतो. रोज दुपारी राजू कामावर गेला की कंप्युटर लागायचा, गोदू दिसायची— तिकडे वापीला तिच्या स्वयंपाकघरात, मागे फोडणी तडतडतेय, आणि इथे मी. मला फार नवल वाटायचं. पण मी डोळ्याने जरा बारीक बघणारा माणूस. माझ्या लक्षात आलं, मी गोदूशी बोलायला लागलो की डब्याचे दिवे घाईघाईने लुकलुकतात. आणि बोलणं संपलं, तिने राम राम केला, की दिवे आपले संथ. दोन-चार दिवस पाहिलं, तसंच. मग तो ऐकत नाही तर काय करतो? तू म्हणशील, बोलणं तिकडे न्यायचं म्हणून लुकलुकतो. मलाही वाटलं तसं. पण मग चंदर भेटला नाक्यावर. म्हणतो, काका, गुडघा कसा आहे, अंबरनाथ पश्चिमेला डॉक्टरकडे जायचंय ना, माझी गाडी देतो. आता गुडघ्याचं मी फक्त गोदूला सांगितलं होतं, या इथे बसून. राजूलाही नाही. मग चंदरला कुणी सांगितलं? डबा कुणी लावला? चंदरने. तार कुणाची? चंदरची. दोन नि दोन चार, झालं.

हळू बोलू? मी हळूच बोलतोय. माझा आवाजच असा आहे, शेतावरून घरी हाक मारायची सवय. सूनबाई पण म्हणते, मामंजी, हळू, आळीत ऐकू जातं. मी म्हणतो, अगं, वापी लांब आहे—

शेजारीण म्हणालो होतो का मी? असू दे. तू टिटवाळ्याचा, तुला काय कळणार सून कोण आणि शेजारीण कोण. पण बाबा, हे कुठे बोलू नकोस, गरीब पोर आहे ती. नवऱ्याच्या चोरून सासऱ्याला नणंदेशी बोलायला देते, राजूला कळलं तर घरात राहणं मुश्कील करील तिचं. तसा वाईट नाही राजू. त्याच्या कानाला लागलेली माणसं वाईट.

तर मग मी काय केलं, कॅम्पात गेलो. तिथे एक सिंधी आहे, रेडिओचं दुकान होतं त्याचं, आता असलेच डबे विकतो. त्याला विचारलं, शेठ, या डब्याला कान असतात का? तो पोट धरून हसला. म्हणाला, बाबा, डब्बे को कान नहीं होता, डब्बे के मालिक को होता है. साईं, अपना डब्बा लो, अपनी बात अपने घर में. मला पटलं ते. गोदूही तेच म्हणत होती, की कंपनीचा डबा काढून टाका, आपला राऊटर लावा, तारेला थेट. म्हणून घेतला. हा बघ— पापडाच्या डब्यात ठेवलाय, वर पापड पसरून. राजू पापड खात नाही.

घे, लाव. याला थेट ती काचेची तार जोड म्हणजे झालं. होत नाही? का होत नाही? बघ हां, मला फसवू नकोस. तो भिंतीवरचा छोटा डबा लागतोच म्हणतोस— उजेडाची वीज करायला. म्हणजे गिरणीसारखं, दाणे आत आणि पीठ बाहेर. तो ऐकत नाही ना? नक्की? शपथ घे. बरं, तो राहू दे भिंतीवर. हा मोठा, मेलेला, हा काढ, आणि त्याच्या जागी माझा लाव. सावकाश. मला घाई नाही. घाई राजूला, चंदरला, त्या बिल्डरला. मला कसली घाई?

कसली म्हणजे, जागेची. तू येताना विहीर पाहिलीस ना, आंब्याखाली? तिच्याभोवतीचा तुकडा. एवढाच राहिलाय. बाकी सगळीकडे बघ, सात-सात मजले आलेत, गच्चीवरून बायका माझ्या विहिरीत बघतात. ती विहीर मी आणि कौसाने खणली, मी खाली आणि ती वर रहाटाला. आणि चंदर— आता हसू येतं— चंदर त्याच विहिरीत पोहायला शिकला. पाठीला सुका भोपळा बांधून मीच त्याला सोडायचो. बुडायला लागला की हसायचा. दुसरी पोरं रडायची, हा खिदळायचा, घोड्यासारखा. अजून तसाच हसतो. आता त्याला ती विहीर बुजवून वर गाड्या लावायला जागा करायचीय.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तो तुकडा गोदूचा. तिच्या नवऱ्याची कंपनी आज आहे उद्या नाही, त्या वापीत काय आहे तिचं? बाईमाणसाला परत यायला एक ओटा पाहिजे. राजूला बाकीचं सगळं दिलं मी, हे घर दिलं. पण तो चंदरला सांगून बसलाय की बहिणीने हक्क सोडला. कुठे सोडला? तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. आता मुलीचाही सारखा हक्क आहे, कायदा झालाय तसा, गोदू सांगते. आणि मी काय करतो, राजू म्हणाला, बाबा, मंगळवारी बिल्डरच्या कागदावर अंगठा द्यायला यायचं, तर मी हो म्हणालो. अगदी गरीब गाईसारखा. हो हो, मंगळवारी येतो. वाद घालत नाही मी. म्हातारा अंगठा देणार, सगळे खूश.

पण गोदू रविवारी येतेय ना!

कुणाला पत्ता नाही. रविवारी येणार, भावाकडे सहज आलेय म्हणणार, त्याच दिवसापासून राजूला रातपाळी, आणि सोमवारी सकाळी तो येऊन झोपला की मी आणि ती रिक्षा करून अंबरनाथला, कचेरीत. वकील तिने बघून ठेवलाय. ती हरकत घेणार आणि मी तिथे तोंडाने सांगणार की माझी मुलगी खरं बोलतेय. मग मंगळवारी घे म्हणावं अंगठा! कशी आहे युक्ती? सूनबाईचीच आहे अर्धी. आधी कळलं तर संपलं, राजू मला उद्याच उचलून नेईल, मी काय त्याच्याशी मारामारी करणार? म्हणून तर हे डालगं, ही गोधडी. म्हणून तर नवा डबा. आज गोदूला शेवटचं विचारायचंय, गाडी कुठली ते, आणि नेमका हा मेला.

लागला? दिवा आला की रे! हिरवा आहे. मग गोदू दिसेल आता? नाही? अजून काय राहिलं? नंबर? हां हां, सिंध्याने सांगितलं होतं, पोटावर नंबर असतो आणि तो ऑफिसात कळवावा लागतो, नाहीतर घरचा डबा आत घेत नाहीत. जावयाला पाय धुतल्याशिवाय आत घेत नाहीत तसं. कळव ना मग. ऑफिस मुंबईचं ना? कर फोन. इथे रेंज नाही? मग ओट्यावर जा, तिथे मिळते. चहा गार होतोय पण.

…नंबर सांगितलास ना रे? मग अजून काय बोलतोस…

ये. झालं? आला सगळा उजेड. छान. हे दिवे कसे लुकलुकतात बघ, आणि मी तर अजून गोदूशी बोललोही नाही.

बस ना. बस जरा. तुला एक विचारायचं होतं. मघाशी तू मान हलवलीस— चंदरला ओळखत नाही म्हणून. बरोबर? मग आत्ता फोनात हसलं कोण? मला वाचता येत नाही, ऐकू चांगलं येतं. ओट्यावरून इथपर्यंत ऐकू आलं. नंबर तू आधीच सांगून टाकलास, मग थांबलास, मग हळू आवाजात काहीतरी बोललास, आणि त्यानंतर तो हसला. तो खिदळणारा घोडा मी भोपळा बांधून पाण्यात सोडलाय रे.

ऑफिस त्याचंच आहे? म्हणजे शिरगावात मुंबईच्या कंपनीची तक्रार पण त्याच्याकडेच जाते. आणि शर्ट तेवढा कंपनीचा. असं. गोदूला हे ठाऊक नसणार.

नाही, तुला बोलत नाही. तुझं पोट आहे, तुला बायको-पोरं असतील. तू मला काही विचारलंच नव्हतंस, सगळं मीच— काय सांगितलंस त्याला? एवढं सांग फक्त. रविवार म्हणालास? सूनबाईचं नाव घेतलंस का? माझ्याकडे बघ. खाली चटईत काय बघतोस, चटईत काय आहे?

बरं.

चहा राहू दे. ठेव तो कप तिथेच. चप्पल घाल आणि जा. हा मेलेला डबा पण घेऊन जा, त्याला द्यायचा असेल परत. ती गोधडी इकडे दे. आणि डालगं— नको, डब्यावर नको ठेवूस. त्याला वारा लागतो म्हणालास ना. माझ्याकडे दे.

दार ओढून घे जाताना. सूनबाई! अगं सूनबाई, जरा बाहेर ये, गोदूला लाव. आत्ताच्या आत्ता. तिला म्हणावं, रविवारची वाट बघू नको, आजच—

तू गेला नाहीस अजून?