सहा धुऱ्यांचा फ्लॅट

…नाई, तुमीच सांगा राजेहो, परक्या देशात, परक्या बिल्डिंगीत, सकाळी सकाळी कोनी कोनाची बेल वाजवते काय? अन् दार उघडल्याबरोबर त्याच्या हातात गोरसपाक बिस्किटाचा पुडा कोंबून इचारते काय, "काहो, हे घर तुमच्याच नावावर आहे ना?" आमच्या वच्छलानं इचारलं! मी, तिचा नवरा, मांगं पिशवी धरून उभा. असं वाटे लिफ्टमंदी घुसावं अन् खाली पळावं, पन लिफ्टले कार्ड लागे, अन् कार्ड तिच्यापाशी!

तुमाले सांगतो, भानगड अशी झाली. आमची जागृती बँकॉकले नोकरीवर. तिथं भाड्याच्या घराचा मालक कधी म्हने भाडं वाढव, कधी म्हने खाली कर. पोट्टी वैतागली. पोटाले चिमटा घेऊन पैसा जमवला, एकच ध्यास, आपल्या नावाचं घर! अन् एक दिवस फोन, "आई, फ्लॅट पसंत पडला, बाल्कनीतून नदी दिसते, तुम्ही दोघं या, मग लगेच सही करते." मी एस.टी.च्या आर्वी डेपोतून रिटायर झालेला मानूस, विमान कधी पाह्यलं नाई, मी म्हनलं चाला! अन् वच्छला फोनवर काय म्हने? "धुरा कोनाकोनाचा आहे?"

फ्लॅटले धुरा! अहो, वावराच्या बांधाले धुरा म्हनते, हे शेंबड्या पोराले समजते! पन वच्छलाच्या बापानं अल्लीपुरात वावर घेतलं, माती पाह्यली, हिरीचं पानी पाह्यलं, धुऱ्यावरचा शेजारी नाई पाह्यला. सारी हयात कोर्टात गेली बुढ्याची. तवापासून हिचं एकच… मले लगनात पाहाले आली तवाही शेजाऱ्यालेच पहिले इचारलं होतं म्हने!

गेलो बँकॉकले. एजंट निंघाला दिल्लीकडचा, केसाले तेल, तोंडाले त्याहून जास्त. "आंटीजी, बालकनी देखिए! स्विमिंग पूल देखिए! क्या हवा है!" वच्छला साऱ्याकडं पाठ करून उभी. "ते राहू द्या. धुरा कोनाकोनाचा?" जागृतीनं कपाळावर हात मारला, "आई, प्लीज, इथं असं कोणी विचारत नाही!" एजंट हासला. "आंटीजी, ये फ्लॅट है, खेत थोडी है!" वच्छला म्हने, "मंग तर जास्तच पाहा लागन! वावराले चार धुरे, याले सहा! एक डोक्यावर, एक पायाखाली!"

अन् निंघाली ना बाप्पा! वच्छला पुढं, मांगं लाजेनं लाल झालेली पोट्टी, तिच्या मांगं मी, अन् माह्या मांगं एजंट, "आंटीजी, सुनिए तो…" करत.

डावीकडच्या बाईनं पुडा घेतला, हात जोडले, दार लावलं. उजवीकडं, समोर अन् मांगं कुलूप. वरतं एक गवय्या, झोपेतच उभा. मी म्हनलं झालं आता, चाल. पन पायाखालचा धुरा राह्यला होता! खालच्या दारात नॉर्वेचा एक उंचच उंच म्हातारा. त्यानं गोरसपाक तोंडात टाकलं अन् आमाले बसवलं. जागृतीले इंग्रजीत म्हने, "वरचा फ्लॅट घेतेस? मालकीहक्कानं का भाडेपट्ट्यानं?" पोट्टी म्हने, "मालकीहक्कानं." म्हाताऱ्याचं चावनंच थांबलं.

तो म्हने, इथल्या कायद्यानं एका बिल्डिंगीत परदेशी लोकायले अर्ध्याहून कमीच जागा मालकीहक्कानं घेता येते. या बिल्डिंगीतला तो वाटा कधीचाच भरला. त्यालेही असंच मालक करतो म्हनले होते, अन् हातात भाडेपट्टा ठेवला!

जागृती पांढरी फटक. वच्छला वळली एजंटाकडं. तो म्हने, "वो… आंटीजी, एडजस्ट हो जाता है, किसी लोकल के नाम पे…" "कोनाच्या नावावर? पैसा माह्या पोरीचा, अन् नाव कोनाचं?" असा आवाज निंघाला का वरचा गवय्या जागा झाला! खाली बिल्डिंगीच्या ऑफिसात गेलो, ऑफिसवाले म्हने खरं आहे, वाटा भरला. मांगं पाह्यतो तं एजंट गायब!

मले तं नाचावंसं वाटलं राजेहो! पोट्टी आईच्या गळ्यात पडून रडली. अन् मंग मायलेकी अशा पेटल्या! आता जागृतीच पुढं, प्रत्येक बिल्डिंगीत पहिले ऑफिस, "परदेशी वाटा शिल्लक आहे का? लिहून द्या." मंग वकील. अन् मंग? मंग पोट्टी सोताच म्हने, "चला आई, धुरा कोनाकोनाचा ते पाहू!" अखेर एक जागा पसंत पडली, तं वच्छलानं साही शेजारी रिकाम्या खोलीत उभे केले, आपल्याकडं मोजनीले धुरेवाले उभे करते तसे! वरच्याचं न्हानीघर गळत होतं, ते पहिले दुरुस्त करून घेतलं, मंगच पोरीले सही करू देली. वकिलानं कागद वाचून दाखवला, मालक, जागृती! मी डोळे पुसले, खरं सांगतो, लाज नाई वाटली.

आता आलो परत. सारी आर्वी वच्छलाले इचारते, कोनी नागपूरचा फ्लॅट घेऊन येते, कोनी पुण्याचा. बाई जोरात! मीही म्हनलं, आपनही नाचनगावले छोटंसं घर घेऊन टाकू. पाच घरं पाह्यली. माती चांगली, पानी चांगलं, पन पाचही ठिकानी हिनं शेजारी नापास केले! म्हंजे पाहा, पोट्टी परदेशात घरमालकीन, अन् तिचा बाप आर्वीत अजून भाड्यानं!