अर्धा रस्ता उघडा

या, कीर्तनाला बसता तसे जवळ सरकून बसा. धंतोलीच्या एका दवाखान्यात कानावर पडलेली गोष्ट सांगते. प्रसूतिगृहाबाहेर पार्वतीबाई आणि त्यांचा लेक प्रशिक बसले होते. आत प्रशिकची बायको पायल. समोरच्या रस्त्याचं काम काढणारा इंजिनिअर प्रशिकच.

"काहून रे, दोन महिने धूळ खाऊन राहिलो आम्ही. पुरा रस्ता बंद करून एकदाच आटपलं नसतं?"

"आटपलं असतं, आई. खर्च कमी, अन् मधात सांधा नसल्यानं रस्ता टिकलाही जास्त असता."

"मंग?"

"मंग पेशंटच्या गाड्या कुठून आल्या असत्या? म्हणून अर्धा खोदला, अर्धा चालू ठेवला."

"तुये साहेब काय म्हणले?"

"शिव्या देल्या. दुकानदारांनीही देल्या."

"मीही देल्या."

"तुयाच तं सर्वात जास्त!"

"आज ऑटोत पायल कण्हून राहिली होती, अन् पुढं गाड्यांची लाइन. तुया कामावरचा झेंडीवाला धावत आला, समोरच्या साऱ्या गाड्या थांबवल्या अन् आमचा ऑटो पयले काढून देला."

"धोंडबा असंन तो."

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"पायलचे नातेवाईक? मुलगी झाली. दोघी छान आहेत. वेळेवर आणलंत, बरं झालं."

"ऐकलं का, इंजिनिअरसाहेब? आता काहून रडून राहिला?"

"रडू दे नं, आई."

"रड बाप्पा. पण पयली बर्फी धोंडब्याले. तुया साहेबाले मागून."

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या धोंडबाचीही आठवण ठेवा.