उंबऱ्यावरचा आठवा

—ते सरबत पी आधी, मग बोल. वाळ्याचं आहे, तुझ्या चाचांसाठी केलं होतं. काल आलास तेव्हा मला सलामसुद्धा न करता उंबऱ्यावरूनच गेलास, आज मशिदीच्या जमातीचा माणूस म्हणून खुर्चीत बसलायस — बस, बस. हळू कशाला बोलू? कोण ऐकणारेय? चाचा बाहेर पडवीत आहेत, आरामखुर्चीत. ती करकर येतेय ना, ती त्यांचीच. त्यांना कुत्रा गेलेला कळलेलाच नाही अजून. सकाळपासून दोनदा बिस्किट मोडून खाली टाकलं, उचलायला कोणी आलं नाही की माझ्या तोंडाकडे बघतात. काय सांगू मी? तुमच्या भावाच्या मुलाने, मुनीरने, आपल्या खजूरला गोणीत घालून रिक्षाने विठ्ठलवाडीच्या पलीकडे नेऊन सोडलं, असं सांगू? का, तर तुमच्या नातीचं कुराण पूर्ण झालं, शुक्रवारी तिच्या आमीनचा समारंभ आहे, घर पाहुण्यांनी भरणार, आणि दारात कुत्रा असला तर फरिश्ते यायचे नाहीत?

वाईट वाटून घेऊ नका म्हणतोस. मला वाईट नाही वाटलेलं, मुनीर, मला राग आलाय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथीच्या वर्गात मी तुला शिकवायचे तेव्हाही तू खिडकीबाहेर बघत बसायचास, म्हणून परत सांगतेय. आणि अल्ताफचं नाव पुढे करू नकोस. माझा मुलगा आहे, मला माहितीये तो काय बोलला असेल ते. घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर राहतो, सासरची माणसं येणार, त्यांच्यासमोर आईच्या दारात कुत्रा नको. लाज वाटते म्हण ना सरळ. लाज वाटते म्हटलं असतं तर मी दोन दिवस खजूरला खाडीवरच्या देवरामच्या होडीवर नेऊन बांधलं असतं. पण नाही — "चाची, किताबात आहे." आपल्याकडे काही नकोसं झालं की ते किताबात निघतंच.

कुठे आहे? दाखव. नाही, त्या फोनमध्ये नको. हातपाय धुऊन वुझू करून ये, कपाटावर रुमालात गुंडाळून ठेवलंय ना कुराण, ते काढ आणि दाखव मला कुठे लिहिलंय कुत्र्याला हाकलून द्या म्हणून. फरिश्त्यांची हदीस आहे, पैगंबरांचा शब्द आहे, माहितीये मला, मी नाकारत नाही. आणि तहानलेल्या कुत्र्याला जोड्यात पाणी भरून पाजलं म्हणून माणसाचे गुनाह माफ झाले, तीही हदीसच आहे. ती नाही सांगितली कोणी तुला? बरोबर, ती शुक्रवारी, जुम्याच्या नमाजला ऐकू येत नाही. आपण शाफई पंथाचे, कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवायचं, एकदा माती लावून — मी धुतेय ना? दोन वर्षं झाली, त्याचं भांडं वेगळं, माझा हात कधी त्याच्या तोंडाला लागला तर कुंडीतली माती घेऊन धुते. धुवायला सांगितलंय बाबा. हाकलायला नाही सांगितलेलं.

आणि जुम्याचं निघालंच आहे तर ऐक. दर जुम्याला आपण सूरे कहफ, कुराणातला तो गुहेचा अध्याय पढतो. तू पढतोस, मशिदीतली झाडून सगळी पढतात. मीही पढायचे, लहानपणापासून, कुराण शिकवणाऱ्या उस्तानीबींच्या छडीखाली पाठ केलेली. अर्थ विचारला की छडी. रिटायर झाल्यावर पहिल्यांदा मराठीत वाचायला घेतलं — चाळीस वर्षं मराठी शिकवली बाईने आणि स्वतःची किताब मराठीत वाचायला साठी उलटावी लागली — आणि वाचता वाचता थांबलेच मी. जुलमी राजापासून पळून गुहेत लपलेली ती अल्लाहची माणसं, झोपलीयत, आणि उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून कोण बसलंय? कुत्रा. मी पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांचे जुमे मी त्या कुत्र्यावरून सूर लावून पुढे गेले होते आणि मला तो दिसला नव्हता. दिसणार कसा? कुत्रा म्हणजे नापाक, हे आधी आईच्या दुधातून आलेलं, किताब त्यानंतर आली. मग किताबात कुत्रा असेल कसा?

हां — आता तू म्हणणार, उंबऱ्यावर होता, आत नव्हता. म्हणालास ना? माहितीच होतं. ज्याला हाकलायचाय त्याला उंबरा दिसतो. पण पुढचं वाच की. लोक भांडतात, ते किती होते? कोणी म्हणेल तिघे, चौथा त्यांचा कुत्रा. कोणी म्हणेल पाच, सहावा त्यांचा कुत्रा. कोणी म्हणेल सात, आठवा कुत्रा. माणसं किती ते कोणालाच धड माहीत नाही, पण कुत्रा प्रत्येक वेळी मोजलाय. मोजलाय, मुनीर. आणि तुम्ही ते पढून बाहेर पडता आणि माझ्या दारातल्या कुत्र्यावर चप्पल भिरकावता.

वर बघ. तुझ्या डोक्यावर, चौकटीवर, ती फ्रेम. तुझ्या आजोबांनी लावलेली, आग नको, चोरी नको म्हणून. काय लिहिलंय? वाच ना, हाफिजांकडे शिकलायस. त्या गुहेतल्या माणसांची नावं, बरोबर. शेवटचं? शेवटचं वाच. मोठ्याने. — कित्मीर. कोण होता कित्मीर? तोच, उंबऱ्यावरचा कुत्रा. अरे, तुझ्या मोबाइलच्या दुकानात गल्ल्याच्या वर हीच फ्रेम आहे, रोज उदबत्ती ओवाळतोस तिला. कुत्र्याचं नाव काचेत घालून डोक्यावर टांगलेलं चालतं, रखवालीला ठेवलेलं चालतं, आणि खरा कुत्रा त्याच नावाखाली बसला तर फरिश्ते बिथरतात.

आणि रखवाली कसली करायचा ते माहितीये तुला. सगळ्या मोहल्ल्याला माहितीये. चाचांना आता स्वतःचं नाव धड आठवत नाही, पण रेतीबंदर आठवतं. रेतीच्या होड्या बंद होऊन किती काळ लोटला, तरी उठतात आणि भरती आली, होडी सोडायचीय म्हणत चालू लागतात. गेल्या बकरी ईदच्या आधी तसेच गेले. मी आत मसाला वाटत होते, मिक्सरच्या आवाजात काही कळलं नाही. खजूर मागोमाग गेला. खाडीच्या शेवटच्या पायरीवर हे गुडघाभर पाण्यात, आणि तो वर उभा राहून नुसता भुंकतोय, भुंकतोय. देवराम जाळं टाकून धावत आला म्हणून आज ही खुर्ची करकरतेय. तेव्हापासून मी फाटकाला कडी लावणं सोडलं. लावली की हे डोकं आपटून घ्यायचे. कडी नको, खजूर आहे. हे पायरी उतरले की तो भुंकायचा, मी जाऊन हात धरून आणायचे. दिवसातून चार वेळा. — अहो, चहा टाकू का तुम्हाला? — नाही बोलत. डोळा लागला असेल, दुपारचं असंच होतं.

काय म्हणालास? मी का नाही अडवलं?

मी असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजला उभी होते. तुला ठाऊक होतं, वेळ साधूनच आलास. ऐकलं मी सगळं. तुझं ते "ये ये" बिस्किट दाखवून बोलावणं, गोणीची सळसळ, त्याचं ओरडणं. माझ्या नावाने ओरडत होता तो. नमाज तोडता येत नव्हती असं नको सांगू मला, येते. जीव वाचवायला येते, आंधळा विहिरीकडे चालला असेल तर तोडावी लागते, हे मी तुझ्या बायकोलाच शिकवलंय. आणि मी सजद्यात गेले, सजदा लांबवला, आणि — मनात काय आलं सांगू? की चाचांचे दिवस भरत आलेत. त्यांची वेळ येईल तेव्हा रहमतचे फरिश्ते दारापर्यंत येऊन मागे फिरले तर? या कुत्र्यापायी? इतकं वाचलं, इतकं तुला ऐकवतेय, आणि कपाळ जमिनीला टेकल्यावर आतून उस्तानीबींची छडीच बोलली. सलाम फिरवून नमाज संपवली आणि बाहेर आले तोवर रिक्षा वळली होती.

हसू नकोस. हसत नाहीयेस, बरं. मग खाली काय बघतोस? ते ग्लास संपव आणि जा. त्याच रिक्षावाल्याला धर आणि संध्याकाळच्या आत खजूरला परत आण. जमातीला सांग, आमीन होणार आणि कुत्रा दारात बसणार, ज्याला यायचंय त्याने यावं. अल्ताफलाही सांग. मी आता कोणाला—

थांब.

बोलू नकोस जरा. ती करकर कधी थांबली?

अहो. अहो, ऐकलंत का?

... खुर्ची रिकामी आहे. काठी नाहीये इथे. चप्पल आहे, काठी नाही. मुनीर, येताना फाटक ओढून घेतलंस तू? ओढलं होतंस ना? — कडी नसते, मला माहितीये, कडी मीच... ग्लास ठेव ते. ऊठ. भरतीची वेळ आहे. मशिदीमागून जा, थेट बंदराच्या पायऱ्यांवर, मी देवरामच्या घरून येते. आणि गप्प धावू नकोस, लोकांना कळलं पाहिजे. आज भुंकायला कोणी नाही. तूच ओरडत जा.