आधी कोणता अल्बम

बोईसरच्या कानाच्या दवाखान्यात भावना आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावरचे नागोराव आणि सुगंधाबाई इतक्या मोठ्यानं बोलत होते, की न ऐकायची सोयच नव्हती.

"कानाचं मशीन बसलं की घरी जाऊन आधी त्या मँचेस्टरवाल्या इंग्रजी बँडचा अल्बम लावणार!" नागोराव म्हणाले.

"ती रडकी कॅसेट?"

"रडकी नाही गं. ऐंशीच्या सुमाराची आहे. बेस गिटार पुढं चालते न् गाणारा तिच्या मागं."

"मागं राहून कण्हायलाय की तो!"

"बरं, मग ग्लासगोच्या पोरांचा. त्यांची गिटार कशी, काचेच्या बांगड्या वाजाव्यात तशी."

"नवी नवरी म्हणून इथं आले, तर माझ्या ट्रंकेआधी तुमच्या कॅसेटींची पेटी घरात!"

"कारखान्यात कान गेले, तेव्हापासून बंदच आहे ती."

"आणि मी ओरडून ओरडून दमले, त्याचं काय? आधी माझं ऐका!"

"काय?"

"आधी माझं ऐका म्हणलं!"

सगळा दवाखाना हसला. तेवढ्यात नागोरावांना आत बोलावलं.

बऱ्याच वेळानं ते मशीन लावून बाहेर आले, तेव्हा सुगंधाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून पिशवी आवरत काहीतरी गुणगुणत होत्या. नागोराव दारातच थबकले.

"सुगंधा, ही तर ग्लासगोवाल्यांची चाल!"

त्या दचकून वळल्या. "अगंबाई, ऐकू यायलंय?"

"कधीपासून गुणगुणतेस हे?"

"रोजच की. पोळ्या लाटताना."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की हो. तुम्ही 'काय?' म्हणालात."