लॉर्डसाहेबांची बॅट

लॉर्ड वेक्सकम यांना माती देऊन आम्ही गावच्या स्टेशनात गाडीची वाट बघत होतो. समोरच्या बाकावर त्यांच्या घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार टटल आणि वाड्यावरच्या स्वयंपाकीण पार्गेटरबाई बसल्या होत्या.

"कागदात काय गुंडाळलंय, टटल?"

"बॅट. साहेबांनी मृत्युपत्रात माझ्या नावानं ठेवलीय."

"नशीब काढलंत! पोटच्या मुलाला शिकारी कुत्रेसुद्धा दिले नाहीत."

"मुलाच्या लग्नाला तरी कुठे गेले होते? त्या दिवशी गावाची मॅच होती."

"आणि अंपायर तुम्ही. तीस वर्षांत एकदाही साहेबांना आउट दिलं नाहीत. अख्खं गाव हसायचं."

"एकदा दिलं, बाई. गेल्या ऑगस्टात. पायचीत."

"हो, आणि साहेब मरेपर्यंत तुमच्याशी बोलले नाहीत."

"पायचीत नव्हतेच ते. चेंडू आधी बॅटच्या कडेला लागला होता. या कानांनी ऐकलं मी."

"अहो, मग बोट कशाला वर केलंत?"

"ओठ निळे पडले होते त्यांचे. आणखी चार धावा पळाले असते तर तिथेच कोसळले असते. थांबा म्हटलं तर ऐकणारे थोडेच!"

"मग नंतर तरी सांगायचं होतंत."

"अंपायरनं खोटं बोट वर केलं, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"जाऊ द्या. बॅट दिली म्हणजे माफ केलंच की."

टटलनं बॅटवरचा कागद उलगडला.

"दर मॅचनंतर साहेब स्वतः बॅट पुसून तेल लावायचे. एकदाही चुकले नाहीत. ही कड बघा."

"लाल डाग आहे. चेंडूचा."

"बाकी सगळी बॅट पुसलीय त्यांनी."