खुंटीवरचं माप

नाही, नाही, ओट्यावर नको चढवूस ती गाडी – लादी आत्ताच पुसलीय. पुसायला आता कोण आहे, मीच पुसली. तिथेच उभी कर चिकूच्या सावलीत आणि तूपण तिथेच बस, ते काळे हात घेऊन पायरीवर नको. मसोलीहून चिखल्याला यायला दोन तास लावलेस मन्या, म्हणजे मोठा माणूस झालास – स्वतःचं गॅरेज, वर बोर्ड, मनिष ऑटो, वाचलंय मी. तुझ्या बापाला, धाकल्याला, एक हाक मारली की झाडावरून खाली यायचा. असू दे, बघ काय झालंय ते. सुनेची गाडी आहे, मयुराची – मी कशाला बसते असल्यावर. सेल्फ मारला की नुसती घरघर, किक मारून मारून तिच्या पोटऱ्या भरून आल्या, आणि पेटली एकदाची तर हा पांढरा धूर, फाटकापर्यंत जाते की परत बंद. आता आत जाऊन बसलीय तोंड पाडून, कानात वायरी घालून. बसू दे.

कधीपासून म्हणजे, गेल्या आठवड्यापासून. सोमवारी नाही झाली सुरू, मग गुरुवारी नाही, मग आज. मधल्या दिवसांत बरी चालते. गाडीचं कोण सांगावं. प्लग काळा झालाय? झाला असेल. तू सावकाश कर, घाई नाही, आज नाही झाली तरी चालेल – तलासरीच्या शाळेत शिकवते ती, हेडमास्तरांनी सांगितलंय, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी बाई बघू. बघू देत की. माझा जतीन तारापूरला कंपनीत, शिफ्ट करून दमून येतो तर बायको घरात नाही, या वयात भाकऱ्या मी थापते. आणि लोक मलाच येऊन सांगतात – हिरकणीबाई, नशीब काढलंत, सुनेने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली. माझा जीव जळतो, खरं सांगते तुला.

चहा घे. कुंपणावर ठेवलाय, कप तोच तुझ्या आईचा, दांडी तुटलेला. तोंड का वाकडं करतोस? मला दिसतं ना – आईचं मनात धरून बसलायस. पंचवीस वर्षं होती रूपी माझ्याकडे कामाला. जतीनला तिने कडेवर वाढवला. मला वाईट वाटलं नसेल? वाटलं. पण मागच्या खोलीत रेशनचं रॉकेल असतं, पाच लिटरचा कॅन, लाइट जाते म्हणून ठेवते मी – शनिवारी जतीन कंदील भरायला गेला आणि म्हणाला, आई, कॅन अर्धा कसा? समोर उभा राहून विचारतोय पोरगा, मग मी काय सांगणार? ती खोली रूपीच झाडते, नाव तिचंच येणार. चिकू तोडायला आलेली माणसं होती, ठकी होती, हाल्या होता, सगळ्यांसमोर तिची पिशवी उलटी केली मी. निघालं काय, चार सुके बोंबील आणि तंबाखूची डबी. रॉकेल नाही निघालं, पण म्हणून काय झालं, नेलं असेल आधीच – सोमवारी थोडं, गुरुवारी थोडं. असंच नेतात ना.

टाकीत नाक घालून काय बघतोस रे एवढं? पेट्रोलला पेट्रोलचाच वास येणार. नाहीतर तलासरीच्या टपरीवरचं असेल, बाटलीतलं, ते लोक काय वाटेल ते मिसळतात, रॉकेलसुद्धा – ऐकलंय आपलं, मला काय कळतं. आता तळहातावर कशाला घेतलंस? बरं. पेट्रोल असतं तर उडून गेलं असतं, हात गार पडला असता. बरं. आणि हे तेलकट राहिलं. राहिलं असेल. एवढ्याशा मापाने काय होतंय गाडीला, जरा धूर मारते, दुसऱ्या दिवशी परत आपली – काय? असा का बघतोस माझ्याकडे? माप म्हणजे, दुधाचं माप नसतं का, तसं, टपरीवालापण मापानेच घालणार ना. ए, ते खुंटीवरचं माप काढू नकोस. ठेव ते. दूध नाही घेत त्यात आता, वास जात नाही त्याचा.

बाटलीत कशाला भरतोस ते? ओतून दे तिकडे गटारात. मन्या. कुठे चाललास बाटली घेऊन – वाडीत? ठकीला, हाल्याला वास देणार? जा, दे. पण मग पुढचंपण ऐकून जा, नंतर म्हणू नकोस बाईंनी सांगितलं नाही. परवा रूपी आली होती. तुला नाही सांगितलं तिने, मला माहीतच होतं. दुपारभर फाटकाबाहेर उन्हात बसली. मी म्हटलं, कबूल कर, नाहीतर उद्या झोपडी खाली करायची, जागा माझी आहे, आणि धाकल्याची खाट नेऊन ठेव रस्त्यावर – कंबर मोडून पडलाय तो, त्याला कोण घेणार आहे दारात? तर म्हणाली, हो बाई, मीच घेतलं. मी म्हटलं, असं नाही, शपथ घे. कोणाची घेतली माहितीय? तुझी. माझ्या मन्याची शपथ, मीच घेतलं. हे अस्सं म्हणाली, इथेच, तू उभा आहेस ना तिथे.

आता जा दाखव बाटली. सगळ्यांना सांग, माझ्या आईने पोटच्या पोराची खोटी शपथ खाल्ली. तिला काय वाटेल ते बघ. रोज रात्री झोपेल का ती, तू घरी येईपर्यंत? मला काय, मी एक शब्द बोलणार नाही.

हं. ठेव ती बाटली तिथेच खाली. आपला माणूस आहेस म्हणून बोलले.

प्लग पुसून लाव, टाकीचं झाकण लाव, मयुरा बाहेर आली तर सांग, जुनाट दुखणं आहे, असंच चालायचं. आणि रूपीला सांग, उद्यापासून ये कामाला. कबूल केलंय म्हटल्यावर मी धरून नाही ठेवत, कॅनपण नवा भरून आणलाय. जा आता. तो कप तेवढा धुऊन पालथा घाल, उद्या तिला लागेल.